सोबतीचीं फुलें

वसंत म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो तो झाडांच्या माथ्यावरचा वसंत. पळस, पांगारा, काटेसावर हीं झाडें पानें टाकून देतात आणि उघड्या फांद्यांवर फुलांचा जाळ करतात. पाहणाऱ्याची मान आपोआप वर होते. इंग्लंडांतील रानाचा वसंत मात्र मान खालीं घालून पाहावा लागतो. तेथील ओक आणि हेझल हीं झाडें अजून उघडींबोडकीं असतात, आणि त्यांच्या पायथ्याशीं, गतवर्षींच्या कुजत्या पाचोळ्यांतून, प्रथम स्नोड्रॉप, मग डॅफोडिल, प्रिमरोज, वुड ॲनिमोनी, आणि एप्रिलच्या अखेरीस निळी ब्लूबेल अशीं फुलें एकामागून एक वर येतात.

ही घाई म्हणजे त्यांचा उतावळेपणा नव्हे. मेच्या मध्यापर्यंत वरच्या झाडांना भरगच्च पानें फुटतात आणि रानावर छप्पर चढतें. त्यानंतर जमिनीपर्यंत पोंचणारा उजेड अगदीं थोडा. थंडी ओसरूं लागल्यापासून छप्पर मिटेपर्यंत जे थोडे आठवडे मिळतात, तेवढ्यांतच उगवणें, फुलणें, बीं धरणें आणि पुढील वर्षाची शिदोरी सांठविणें हें सारें त्यांना उरकावें लागतें. ओकाच्या सावलींत राहावयाचें तर ओक जागा होण्यापूर्वीं जगून घ्यावें लागतें.

या फुलांशीं माझा परिचय घडला तो माझ्या धाकट्या बहिणीमुळें. लग्नानंतर ती तिकडे गेली त्याला आतां पंचवीस वर्षें होतील. ती व तिचे यजमान दोघेंहि डॉक्टर आहेत. सरे परगण्यांत त्यांचें घर आहे आणि घरामागें दहाबारा ओक व हेझलचीं कांहीं बेटें असा रानाचा एक लहानसा तुकडा आहे. त्यांत ब्लूबेल पूर्वींपासूनच आहे. डॅफोडिल घराच्या आधींच्या मालकानें लावलेले. त्यांच्या सोबतीला आणखी काय लावावें, हा बहिणीचा दरवर्षींचा विचार. २०२३ सालच्या उन्हाळ्याच्या सुटींत मी तिच्याकडे गेलों असतां एके संध्याकाळीं ती मला म्हणाली, "दादा, तूं आयुष्यभर नीतिशास्त्र शिकवलंस. मला एवढंच सांग, शेजारी कसा निवडावा?"

प्रश्न थट्टेनें केलेला होता. मला मात्र तो थट्टेवारी नेतां आला नाहीं. माणसाच्या आयुष्यांतील निम्मी सुखदुःखें ज्या प्रश्नाच्या बऱ्यावाईट उत्तरावर अवलंबून असतात, तोच हा प्रश्न. मैत्री, विवाह, भागीदारी, एका गांवांत किंवा एका राष्ट्रांत एकत्र राहणें, या सर्वांच्या मुळाशीं सोबतीची निवड आहे. आणि ही निवड आपण बहुधा कशी करतों, तें बागेंत जितकें उघडें दिसतें तितकें अन्यत्र दिसत नाहीं.

आपण निवडतों तें फुलावरून. रोपें विकणाऱ्यांच्या सूचिपत्रांत प्रत्येक वनस्पति तिच्या वर्षांतल्या सर्वोत्तम क्षणीं टिपलेली असते. या निळ्याजवळ तो पिवळा खुलेल, त्या पांढऱ्यामागें हा जांभळा उठेल, असा हिशेब आपण मांडतों. परंतु फूल टिकतें दोनतीन आठवडे. उरलेलें सारें वर्ष त्या वनस्पतींना एकमेकींच्या पानांशीं, मुळांशीं आणि सावलीशीं नांदावयाचें असतें. मुलगी पाहावयास जाऊन एका दुपारच्या पोह्यांवर जन्माची गांठ बांधणाऱ्या आपल्या समाजाला या पद्धतींतील धोका समजावून सांगण्याची गरज नाहीं. फुलण्यावरून सौंदर्य कळतें. सोबत कळत नाहीं.

कोणी म्हणेल, निवडावें तरी कशाला? रान आहे, त्याला त्याच्यावर सोंपवावें. या आक्षेपांत एक भोळी समजूत आहे, ती अशी कीं, रान म्हणजे मनुष्याचा हात न लागलेली जागा. इंग्लंडांतील पुष्कळशीं जुनीं रानें शतकानुशतकें लांकूडतोड्यांनीं राखलेलीं आहेत. ते हेझलचीं बेटें ठराविक वर्षांनीं बुडापासून छाटीत. त्यामुळें जमिनीवर उजेड येई आणि पुढच्या कांहीं वसंतांत प्रिमरोज व ॲनिमोनी यांना बहर येई. छाटणी थांबली तेथें कित्येक ठिकाणीं फुलेंहि विरळ झालीं. निवड करणें हा अपराध नव्हे. ती कोणत्या कसोटीवर केली, हा प्रश्न आहे.

या विषयावर इंग्लंडांत दोन मोठ्या माणसांनीं विचार केला. आयर्लंडांत जन्मलेला विल्यम रॉबिन्सन यानें १८७० सालीं 'द वाइल्ड गार्डन' हें पुस्तक लिहून, दरसाल उपटून पुन्हां लावावयाच्या कवाइती ताटव्यांविरुद्ध बंड उभारलें. एकदां योग्य जागीं लावल्यावर जें आपलें आपण नांदेल तेंच लावावें, मग तें कोणत्याहि देशचें असो, असें त्याचें म्हणणें. गर्ट्रूड जेकिल या बाईंनीं सरे परगण्यांतच मन्स्टेड वुड येथें आपली बाग आणि रान सिद्ध केलें. त्या मूळच्या चित्रकार. दृष्टि अधू होऊं लागल्यावर बागेकडे वळलेल्या. त्यांच्या लिखाणांत मला विशेष वाटली ती रंगसंगति नव्हे. पौर्वात्य पॉपीचें झाड फुलून गेल्यावर वाळून जातें आणि तेथें उघडें खिंडार पडतें. म्हणून त्या तिच्याशेजारीं जिप्सोफिला लावीत, आणि त्याचा पांढरा फुलोरा त्या खिंडारावर पसरे. म्हणजे फुलाशेजारीं फूल कसें दिसेल एवढ्यावर न थांबतां, एकाच्या ओसरण्याशेजारीं दुसऱ्यानें काय करावें, इतका विचार त्यांनीं केला होता.

बहिणीच्या प्रश्नाला उत्तर द्यावयाचें तर मी तीन कसोट्या सांगेन. पहिली कसोटी पाळी ओळखण्याची. एकाच जागेंत अनेकांना राहावयाचें असेल तर सर्वांनीं एकाच वेळीं मोठें होऊन चालत नाहीं. फेब्रुवारींत स्नोड्रॉपचें राज्य. ब्लूबेलचीं पानें तेव्हां नुकतीं वर येऊं पाहतात. ब्लूबेल फुलते तोंवर स्नोड्रॉप आपलें आवरून जमिनीखालीं जाण्याच्या वाटेला लागतें. कोणी कोणाला हांकलीत नाहीं. आपल्या संस्थांमधून, सभांमधून आणि घरांमधूनहि जीं भांडणें होतात, त्यांतील बरींचशीं जागेच्या अभावामुळें होत नाहींत. पाळी संपल्यावर उठावयाचें नसतें म्हणून होतात.

दुसरी कसोटी जागा सोडण्याची. ऱ्होडोडेंड्रॉन पॉंटिकम नांवाचें एक झुडूप अठराव्या शतकांत ब्रिटनमध्यें शोभेसाठीं आणलें गेलें. त्याचा जांभळा फुलोरा देखणा, पानें सदा हिरवीं. शिकारीच्या पक्ष्यांना आसरा म्हणून जमीनदारांनीं तें रानोमाळ लावलें. आतां पश्चिमेकडील दमट रानांत त्याची गर्दी अशी माजली आहे कीं, त्याच्या बाराही महिन्यांच्या दाट सावलीखालीं दुसरें कांहीं उगवत नाहीं. ओकहि सावली करतो, पण वसंतांत तो कांहीं आठवडे आभाळ मोकळें ठेवतो. या झुडुपापाशीं तेवढी उसंत नाहीं. त्याला सौंदर्य आहे, सोबत नाहीं.

याउलट प्रिमरोजचें पाहावें. त्याचीं फुलें दोन जातींचीं असतात: एका झाडावर सगळीं लांब कुक्षीवृंताचीं, तर दुसऱ्यावर सगळीं आंखूड. केंट परगण्यांत आपल्या घरीं प्रयोग करून डार्विननें १८६२ सालीं असें दाखविलें कीं, एका जातीच्या फुलाला दुसऱ्या जातीचा पराग मिळाला तरच बीं नीट धरतें. आपल्यासारख्याच फुलाच्या परागानें तें फार थोडें धरतें. समानशीलांचेंच सख्य जमतें असें आपण म्हणतों. परंतु जें सख्य फळावयाचें आहे त्याला थोडें वेगळेपण लागतें, असें या लहानशा फुलाचें म्हणणें दिसतें.

वेगळेपणाचा विषय निघाला म्हणजे देशी-परदेशी हा वाद टळत नाहीं, आणि बहिणीच्या बागेंत तो टळला नाहीं. तिच्या कुंपणाजवळ कांहीं ब्लूबेल निराळ्या दिसत. इंग्लंडांतील मूळची ब्लूबेल एका बाजूला झुकलेली, सुवासिक, आणि तिचा पराग दुधी पांढरा. या मात्र ताठ उभ्या, रुंद पानांच्या, वास जवळजवळ नाहींच, आणि परागांत निळसर झांक. ही स्पेनची ब्लूबेल; सतराव्या शतकांत ती बागांसाठीं आणलेली. ती मूळच्या जातीशीं सहज संकर पावते, संकराचीं झाडें पुन्हां बीं धरतात, आणि पिढ्यान्पिढ्या असें होत गेलें तर त्या झुकलेल्या, सुवासिक फुलाचें वेगळेपण पुसट होईल अशी तेथील जाणत्यांना भीति वाटते. जगांतील ब्लूबेलपैकीं निम्म्याच्या आसपास ब्रिटनमध्येंच आहे असें मानतात. १९८१ च्या वन्यजीव कायद्याच्या यादींत १९९८ सालीं तिचें नांव घालून रानांतून खणून तिचा व्यापार करण्यास बंदी करण्यांत आली आहे. तेव्हां रानाजवळ स्पेनची ब्लूबेल ठेवूं नये, असा सर्वांचा सल्ला.

बहीण खुरपें घेऊन कुंपणापाशीं बसली आणि तशीच बसून राहिली. म्हणाली, "परकी म्हणून उपटायची, हें माझ्या हातून कसं व्हावं? मीहि इथं परकीच आले."

तिला काय सांगावें तें मला त्या वेळीं सुचलें नाहीं. आतां जें सुचतें तें असें. स्नोड्रॉप हें फूल इंग्रजांना इतकें आपलेसें वाटतें, पण तेंहि बहुधा बाहेरूनच आलेलें. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापूर्वीं तें इंग्लंडांत रानटी वाढत असल्याची नोंद नाहीं. तें मोकळ्या वेळांत फुलतें, कोणाची जागा बळकावीत नाहीं, म्हणून तें कोठून आलें हें कोणी विचारीत नाहीं. अर्थात् जन्मभूमि ही कसोटीच नव्हे. वर्तन ही कसोटी. आणि येथेंच वनस्पतींवरून माणसांकडे वळतांना थांबावें लागतें. स्पेनच्या ब्लूबेलला आपलें वर्तन बदलतां येत नाहीं. बाजूला सरणें किंवा आवरून घेणें तिच्या हातीं नाहीं, म्हणून तो निर्णय माळ्याला करावा लागतो. मनुष्याच्या हातीं तें असतें. तो शिकतो, जुळवून घेतो, पंचवीस वर्षें परक्यांच्या रोग्यांची शुश्रूषा करतो. शिवाय माळी बागेच्या बाहेर उभा असतो. माणसांच्या बागेंत बाहेर उभा असलेला माळी कोणीच नाहीं, आपण सारेच वाफ्यांत आहोंत. म्हणून झाडांना लावलेला न्याय माणसांना लावूं पाहणाराचा मला संशय येतो. बहिणीनें अखेर ते कंद काढले, पण तें काम तिनें आनंदानें केलें नाहीं, आणि तिनें तें आनंदानें केलें नाहीं याचा मला आनंद वाटला.

तिसरी कसोटी सर्वांत अवघड, आणि ती मला माझ्याच चुकीनें कळली. मी गेलों तेव्हां डॅफोडिल फुलून गेले होते. त्यांचीं लांब पानें जमिनीवर लोळत होतीं. कांहीं हिरवीं, कांहीं पिंवळीं, सारीं अस्ताव्यस्त. मागें निळ्या ब्लूबेलचा गालिचा आणि पुढें हा पसारा! बहीण रुग्णालयांत गेलेली पाहून मीं कात्री घेतली आणि तीन टोपल्या भरतील इतकीं पानें कापून जागा स्वच्छ केली. तिला संध्याकाळीं आश्चर्याचा धक्का द्यावा, असा माझा बेत होता. धक्का तिला बसला. ती क्षणभर पाहत राहिली आणि हळूच म्हणाली, "दादा, तीं पानें आपण होऊन वाळेपर्यंत तशींच ठेवायचीं असतात. पुढच्या वर्षाचं फूल त्यांच्यांतच असतं."

फूल गेल्यावर निदान सहा आठवडे तरी तीं पानें उन्हांतून अन्न करून कंदांत भरीत असतात. ज्याला मी पसारा म्हणत होतों तो खरा उद्योगाचा काळ होता. पुढील मार्चमध्यें त्या जागीं पानें आलीं, फुलें जवळजवळ आलींच नाहींत. अशा न फुलणाऱ्या कंदाला तिकडचे माळी आंधळा म्हणतात. आंधळा कोण, हें मला ठाऊक होतें.

सोबतीला काय लावावें याचें उत्तर येथें मिळतें. डॅफोडिल व ब्लूबेल यांच्यामध्यें नेचे लावावेत. रानांतल्या साध्या नेच्याला फूल नाहीं. सूचिपत्रांत त्याच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. पण कंदांचीं पानें पिवळीं पडूं लागतात नेमक्या त्याच सुमारास त्याचे गुंडाळलेले कोंब उलगडतात आणि त्या पिवळ्या पानांवर हिरवें पांघरूण पसरतें. तीं पानें तो खुडीत नाहीं, त्यांचें काम थांबवीत नाहीं. केवळ त्यांना पाहणाराच्या नजरेपासून सांभाळतो. दुसऱ्याच्या बहरांत सामील होणारे पुष्कळ असतात. दुसऱ्याच्या ओहोटीवर पांघरूण घालणारा, आणि तेंहि त्याला दूर न सारतां, तो सोबती.

हें लिहितांना एक गोष्ट सांगितल्यावांचून मला पुढें जातां येत नाहीं. माझे वडील एका लहान गांवांत प्राथमिक शिक्षक होते. वार्धक्यांत ते माझ्याकडे राहावयास आले, तेव्हां मी कॉलेजांत नुकताच स्थिरस्थावर होत होतों. रविवारीं सकाळीं माझे सहकारी घरीं जमत. कांट आणि मिल यांवर वाद चालत. बाबा कोंपऱ्यांतल्या खुर्चीवर बसत, आलेल्याला "गांव कोणतं?" म्हणून विचारीत, आणि थोड्या वेळानें पुन्हां तेंच विचारीत. त्यांचा हात कांपे आणि चहा बशींत सांडे. एके दिवशीं मीं त्यांना अगदीं सौम्यपणें म्हटलें, "बाबा, आज जरा आंत बसाल का?" ते कांहीं बोलले नाहींत. चष्म्याचें घर उचललें आणि आंत गेले. पुढच्या रविवारपासून मला सांगावें लागलें नाहीं. पाहुणे येण्याच्या वेळेला ते आपण होऊनच उठत. त्यानंतर ते चार वर्षें होते.

मी निर्दय होतों असें मला वाटत नाहीं. मी नीटनेटका होतों, आणि नीटनेटकेपणानें किती दुष्टपणा निमूट उरकतां येतो हें तेव्हां मला माहीत नव्हतें. ज्या कांपऱ्या हातानें मला अक्षर गिरवावयास शिकविलें, त्या हाताचें उरलेलें कामहि अजून चालूं असेल, हें माझ्या ध्यानीं आलें नाहीं. आंतल्या खोलींत ते माझ्या मुलीला गोष्टी सांगत. त्यांतल्या कित्येक तिला अद्याप पाठ आहेत. मला त्यांतली एकहि येत नाहीं.

म्हणून बहिणीला माझें उत्तर असें: जो आपली पाळी संपल्यावर उठतो, जो दुसऱ्याला उजेड सोडतो, आणि जो दुसऱ्याच्या उतरत्या दिवसांत त्याच्याजवळ उभा राहतो, तो शेजारी निवडावा. फुलतो कसा, तें शेवटीं पाहावें. आणि निवडतांना एवढें स्मरावें कीं, आपणहि कोणाच्या तरी शेजारीं लावलेले आहोंत; त्या शेजाऱ्यानें हीच कसोटी आपल्याला लाविली तर काय होईल, हा प्रश्न पहिल्या प्रश्नाहून अधिक उपयोगाचा आहे.

बहिणीनें त्या शरद् ऋतूंत नेचे लावले, प्रिमरोज लावले आणि ओकाखालीं थोडी वुड ॲनिमोनी लावली. ही ॲनिमोनी इतकी मंद पसरते कीं, शंभर वर्षांत सहा फूट, असा तिचा अंदाज सांगतात. ती पसरलेली पाहावयास आम्हां भावंडांपैकीं कोणी असणार नाहीं. डॅफोडिलची पानें मात्र आतां कोणी कापीत नाहीं. या वसंतांत त्यांतले बरेचसे पुन्हां फुलले, असें तिनें कळविलें आहे. सारे नाहींत.